घटाची माती

मधुकरने वाशीच्या फ्लॅटच्या गॅलरीत भलामोठा लाकडी खोका आणून ठेवला, तेव्हाच अरुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या. मधुकर शेतीखात्यात उंदरांच्या मागे होता. उंदीर भुसभुशीत बांधातच बिळं करतात, कडक मातीच्या वाटेला जात नाहीत. तेव्हा विष वाटत हिंडण्यापेक्षा बांध चोपून घट्ट करा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वरिष्ठ वैद्यसाहेबांना ते मुळीच पटेना.

"उंदराला मातीतलं काय कळतं? प्रयोग करून दाखवा, नायतर चंद्रपूरला बदली!"

म्हणून नवरात्राआधीच भरलेल्या त्या खोक्यात एकीकडे उरणच्या बांधाची भुसभुशीत माती, दुसरीकडे ठोकून बसवलेली चिकणमाती. नवरात्राच्या पाचव्या माळेला मधुकरने भातशेतातला उंदीर आणून आत सोडला, वर जाळी टाकली आणि निवांत झोपला.

सकाळी साहेब हजर. खोक्यात बीळ नाही, उंदीर नाही, जाळीला मात्र हे भोक!

"तुमची माती त्याला पसंत नाय पडली," साहेब खुशीत म्हणाले.

मधुकरने भुसभुशीत भागात बोट खुपसलं आणि कळवळला. वरच्या थराखाली सगळा मुरूम.

"अरुणा!"

"ओरडू नका. घटाला शेतातली माती नको? इथे सोसायटीत बघावं तिकडे भराव. घटस्थापनेला तुमची उरणची माती दिसली, ती परडीत घातली आणि खोक्यात मुरूम भरला. वरून तुमचीच माती पसरली की थोडी!"

मधुकरला चंद्रपूरचं ऊन आत्तापासून लागायला लागलं. साहेब निघाले.

"देवीला नमस्कार तरी करून जा," अरुणा म्हणाली.

साहेब वाकले ते वाकलेलेच राहिले. घटाभोवतीचे गव्हाचे अंकुर एका बाजूने साफ झाले होते. परडीच्या काठाशी मातीचा ताजा ढीग, आणि मागच्या बिळातून मिशा हलत होत्या.

मधुकरने आनंदाने उडीच मारली. "बघा साहेब! भुसभुशीत माती!"

"योगायोग," साहेब पुटपुटले.

"मग शेजारी वैशालीकडे चला," अरुणाने पदर खोचला. "गॅलरीला गॅलरी लागून आहे. तिच्या घटात मुरूमच आहे."

वैशालीच्या परडीभोवती उंदराच्या लेंड्या पडल्या होत्या, चार अंकुरही कुरतडलेले होते. बीळ मात्र नावालाही नव्हतं. साहेबांनी स्वतः बोट खुपसून पाहिलं आणि तेही कळवळले.

मधुकर धावत घरी येऊन उंदराला पकडायला बसला.

"खबरदार! दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नसतो," अरुणाने त्याचा हात ओढला.

मागोमाग आलेल्या साहेबांनी देवीपुढचा प्रसादाचा पेढा तोंडात टाकला. "बदलीचं विसरा, मधुकरराव." मग ते अरुणाकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्याकडेपण घट बसतात, आणि उंदीर फार झालेत. पुढल्या वर्षी हा मुरूम थोडा मिळेल का?"