पोटानं ठरवणारे आप्पा

आमच्या आप्पांना जेवायला वाढायचं म्हणजे आधी मसाल्याच्या कपाटाचं दार उघडून बघावं लागतं. दाराच्या आतल्या बाजूला मी यादी चिकटवलीय. वांगं नाही, केळं नाही, गूळ नाही, दही नाही आणि सगळ्यात खाली, दोनदा गिरवून, चहा नाही. पाहुण्यांना वाटतं, आप्पांना शुगर असेल. कसली शुगर! सहासष्टाव्या वर्षी हा माणूस शेवंतीच्या प्लॉटमध्ये दिवसभर वाकून खुरपतो. डॉक्टरनं त्यांना काहीही बंद केलेलं नाही. जे बंद केलंय ते त्यांचं त्यांनी, आणि तेही दुसऱ्यांच्या नावानं.

आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं लग्न झालं नाही. जमलं नाही की केलं नाही, हे अकरा वर्षांत मला कुणी धड सांगितलेलं नाही. सासू-सासरे गेले, धाकटा दीर दौंडला गेला, आता कारेगावजवळच्या आमच्या मळ्यात मी, माझा नवरा विकास, आमची दुसरीतली लेक आणि आप्पा एवढेच राहतो. विकास कंपनीत शिफ्टला जातो, शेती आप्पा बघतात आणि आप्पांना मी बघते. सगळ्यात अवघड काम कुणाचं, ते तुम्हीच ठरवा.

तर आप्पांची पद्धत अशी. घरातल्या कुणी काही मोठं करायचं ठरवलं, की आप्पा लगेच काहीतरी सोडतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, विचारलेलं नसतं. बरं, नवस म्हणावा तर तसंही नाही. "द्येवाला कशाला मधी घ्यायचं? त्याला काय कमी कामं हायेत?" असं वर ऐकवतात. त्यांचं म्हणणं एकच. "तोंडानं कुणीबी ठरवतंय. ठरवायचं तर पोटानं ठरवावं. पोट रोज इचारतंय, ठरवलेलं काय झालं म्हून."

आता धाकट्या दिराचं बघा. सचिन आयटीआयला दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा बसायचं म्हणाला, तेव्हा आप्पांनी वांगं सोडलं. सचिन पास झाला, दौंडला रेल्वेत लागला, त्याचं लग्न ठरलं. लग्नात वांग्याचा रस्सा! सगळी पंगत भुरके मारतेय आणि नवरदेवाचा चुलता कोरडा भात चिवडत बसलाय. नवरीकडच्यांना वाटलं, चुलते रुसले. मुलीचे वडील हात जोडून उभे. "पाव्हणं, आमचं काय चुकलं?" आप्पा म्हणतात, "तुमचं काय न्हाई. जावयाचं शिक्षण हाय ते." त्या बिचाऱ्यांना वाटलं, मुलाच्या शिक्षणात काही गडबड आहे. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. ती निस्तरता निस्तरता पाठवणीला अर्धा तास उशीर झाला.

मी तेव्हाच म्हटलं, "अहो, पास झाला ना तो? मग खा की आता वांगं."

"झाला की."

"मग?"

"मग काय? ऱ्हाऊ दे."

एवढंच. कारण विचारलं की "ऱ्हाऊ दे." कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

विकासनं तंबाखू सोडतो म्हटलं, तेव्हा तर कहर झाला. त्या वेळेला खाण्यातलं काही सुचलं नाही की काय कोण जाणे, आप्पांनी उशी सोडली. मी दोन नव्या उशा भरून घेतल्या, अभ्रे शिवले, रोज अंथरुणावर ठेवत गेले. सकाळी बघावं तर उशी भिंतीला टेकवलेली आणि आप्पा हात डोक्याखाली घेऊन झोपलेले. विकास चार दिवसांतच कंपनीजवळच्या टपरीवर परत जायला लागला होता. आप्पांना ते कळलेलं होतं, पण बोलले नाहीत एका शब्दानं. शेवटी विकासच वैतागला. "त्यांचा तो डोक्याखालचा हात बघितला की पुडी फोडवत नाही गं," म्हणाला. सुटली तंबाखू, ते कबूल करते मी. पण उशी आली का परत? नाव नको.

इथवर मी नुसती चिडत होते. मग माझ्यावर आलं.

झालं असं, की बी.ए.ची दोन वर्षं करून माझं लग्न झालं आणि तिसरं राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांमागं रांजणगावला एका कंपनीत ऑफिसातल्या जागेसाठी गेले होते. समोरच्या पोरसवदा साहेबानं कागदावरून नजर न उचलता विचारलं, "ग्रॅज्युएशन कम्प्लीट नाही? मग प्रॉडक्शन लाइनवर बघा मॅडम." मी तणतणत घरी आले, पर्स कॉटवर आपटली आणि मोठ्यानं म्हटलं, "ह्या वर्षी मी बी.ए. करणारच!"

रागाच्या भरात माणूस बोलतो हो. संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. पण आप्पा ओट्यावर बशीतून चहा पीत होते. अर्धी बशी संपली होती. त्यांनी ती बशी हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "मंग आमचा चहा बंद. तू पास व्हईस्तवर."

वांगं वेगळं आणि चहा वेगळा. दिवसातून सात वेळा चहा घेणारा हा माणूस! मी हातापाया पडले. "आप्पा, मी नुसतं बोलले. दुसरं काहीतरी सोडा. कारलं सोडा."

"कारलं मला आवडतच न्हाई. ते सोडून काय उपेग?"

पहिले आठ दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. कपाळाला फडकं बांधून खुरपायला जायचे. आणि गप्प बसतील तर शपथ! कुणी चहा पुढं केला की सांगायचे, "न्हाई बा. सूनबाईचं बी.ए. व्हईस्तवर बंद हाय." महिन्याभरात शिरूरच्या बाजारापर्यंत बातमी. फुलांच्या टेम्पोचा ड्रायव्हर मला विचारतोय, "वहिनी, किती राहिलं बी.ए.?" दळण टाकायला गेले तर गिरणीवाला विचारतोय. नणंद लागत नाही, जाऊ लागत नाही अशा बायका मला सांगतायत, "म्हाताऱ्याचं हाल करू नको गं, कर पास."

फॉर्म भरल्याशिवाय सुटकाच नव्हती. बाहेरून बसले. पहाटे स्वयंपाक, मग लेकीची शाळा आणि दुपारी पुस्तक. दुपारी मी पुस्तक उघडलं की आप्पा दारात पोतं टाकून बसायचे. कुणी आलं की परस्पर वाटेला लावायचे. एकदा माझी आई आली, एवढ्या उन्हातून, डोक्यावर शेंगांची पिशवी. तिला सांगितलं, "सूनबाई अभ्यासाला बसलीया. घटकाभरानं या." आईनं चिंचेखाली तास काढला आणि मला ते संध्याकाळी कळलं! त्या दिवशी मी आप्पांशी जेवणापुरतंही बोलले नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. अर्थशास्त्र राहिलं.

मी रडले नाही, ताट तसंच सारून उठले. आप्पा म्हणाले, "मंग काय झालं? पुढच्या बारीला दिऊ."

दिऊ! जसं काही हे पेपर लिहिणार होते. माझा तोल गेला. त्याच पावली आत गेले, आलं ठेचून, दुधाचा, घट्ट असा चहा केला आणि त्यांच्यापुढं आदळला. "प्या. संपलं सगळं."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. नाकाजवळ नेला. खूप वेळ वास घेतला आणि कप परत ठेवला. "वासाचं ठरवलं न्हवतं," म्हणाले, "तेवढं चालतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच प्लॉटमध्ये गेले. ते शेवंती तोडत होते. बांधावरूनच सांगितलं, "आप्पा, मी सोडलं शिक्षण. माझ्याच्यानं होत नाही. आता तुम्ही चहा प्यायला मोकळे."

"तू सोड की," ते मान वर न करता म्हणाले. "तुझं तू ठरीव. मी कुठं अडवतोय?"

"मग चहा?"

"ते माझं हाय."

"अहो, पण का? मी शिकत नाही, मग तुम्ही कशासाठी सोसताय? सचिनभाऊजी पास होऊन सात वर्षं झाली, तरी वांगं खात नाही. यांची तंबाखू सुटली, तरी उशी घेत नाही. हे काय खूळ आहे तुमचं?"

मी एवढी ओरडले की शेजारच्या रानातली बाई उभी राहून बघायला लागली. आप्पांनी फुलांची पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलतील चार शब्द, आणि बोलावेत असंही वाटत होतं. तर ते बांधावर टेकले.

"सच्या आधी दर ऐतवारी यायचा," ते म्हणाले. "आता दिवाळीला येतो. त्याला त्याचा संसार हाय, माझं काय म्हणनं न्हाई. पर घरात वांग्याची भाजी झाली की मी ती बाजूला सारतो, आन् तवा तुम्ही कुणीतरी म्हंता, आप्पाचं सच्यासाठी बंद हाय. तेवढंच त्याचं नाव निघतं. खायला लागलो तर कशापायी निघंल?"

त्यांनी हातातलं फूल पाटीत टाकलं.

"मला बायकू न्हाई, पोर न्हाई. तुम्ही समदी माझीच, पर म्हनायपुरती. उपाशी ऱ्हायलाबी कुनाचं तरी नाव लागतंय, बाई."

आणि पाटी उचलून तोडायला लागले.

मी घरी आले. खरं सांगते, मला अजूनही त्यांचा राग येत होता. असं बोलून ठेवल्यावर माणसानं करायचं काय? मी ते अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. ह्या खेपेला कुणाला सांगितलं नाही. कंटाळा आला की मी आप्पांकडं बघायची नाही, मला त्या साहेबाचं तोंडही आठवायचं नाही. मला ते पुस्तक संपवायचं होतं, एवढंच. आधीच्या वर्षी मी गावाच्या धाकानं वाचत होते, हे मला तेव्हा कळलं.

पेपरच्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर एसटीनं शिरूरला आले. नको म्हटलं तरी आले. तीन तास कॉलेजच्या फाटकाबाहेर बसून राहिले, शेजारच्या चहाच्या गाड्याकडं पाठ करून.

परवा दुपारी मोबाइलवर निकाल आला. पास. अर्थशास्त्रात काठावर, पण पास! मी स्क्रीन तीनदा बघितला, मग आधण ठेवलं. दोन चमचे साखर जास्त घातली. कप-बशी घेऊन ओट्यावर गेले आणि म्हटलं, "झाले मी बी.ए. घ्या."

आप्पांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं उचलणार आता. कपाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आता तू हापिसात जाशील," ते म्हणाले.

"मिळालं तर जाईन."

"सकाळी जाशील, सांच्याला येशील." त्यांनी कप हळूच बाजूला सारला. "चहा ऱ्हाऊ दे."

मला सगळं समजलं, आणि समजलं म्हणूनच मस्तक फिरलं. दोन वर्षं ह्या माणसानं माझ्या जिवाला घोर लावला आणि आता परत "ऱ्हाऊ दे"! मी त्यांच्यासमोर खालीच बसले.

"ऐका आप्पा. मी आजपासून चहा सोडला."

"तू? कशापायी?"

"तुमच्यापायी. तुम्ही जोवर पीत नाही तोवर मीही पिणार नाही. पोटानं ठरवलंय."

"माझ्यापायी?"

"हो, तुमच्यापायी."

सहासष्ट वर्षांत ह्या माणसासाठी कुणी काही सोडलं असेल असं मला वाटत नाही. मीही नव्हतं सोडलं. नुसती यादी चिकटवली होती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

आप्पांनी बशी ओढली. चहा ओतताना थोडा सांडला. बशी ओठापर्यंत नेली आणि तिथंच थांबले.

"तुझा कुठाय?" माझ्यावरच खेकसले. "एकल्यानं प्यायला मी काय हाटेलात बसलोय व्हय? जा, घिऊन ये."