भटूनानांच्या चिलापी

भटूनाना चौधरींनी जन्मात मासा चाखलेला नाही, पण शहाद्याच्या मासळी बाजारात त्यांच्याइतके मासे कुणी हाताळले नसतील. दर आठवड्याला ते लाकडी फूटपट्टी घेऊन रेशमाबाईच्या पाटीसमोर उकिडवे बसतात आणि एकेक चिलापी उचलून तोंडापासून शेपटीपर्यंत मोजतात. पहिल्यांदा आले तेव्हा तिला वाटलं, वजनमापवाला साहेबच आला. तिने घाईघाईने वजनं पदराखाली घेतली. आता मोठा मासा ती आपणहून बाजूला काढून ठेवते. नानांनी मोजला की मग विकते.

नाना माझे शेजारी. मी शाळेत मराठी शिकवतो. ते कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. बरण्या पुसता पुसता त्यांनी तिथली पुस्तकं वाचली, अडेल तिथे प्राध्यापकांना विचारलं. त्यातली एकच गोष्ट डोक्यात घर करून बसली. आफ्रिकेतल्या मोठ्या तलावांत चिलापीच्या भाऊबंदांच्या शेकडो जाती आहेत. गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहणारे बोटाएवढे राहिले, मोकळ्या पाण्यातले हातभर झाले. शिकाऱ्याच्या जबड्यात न मावणारे तगले, आणि फटीत लपू शकणारे बारीकही तगले. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

“आंग पाणी ठरावस, मास्तर,” नाना म्हणतात. शरीर किती वाढायचं ते पाणी ठरवतं.

हे माशांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. समोरच्या पाटलांच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा वडीलधारे म्हणून नानांनाही बोलावलं. घर किती खोल्यांचं, हे त्यांनी विचारलं. त्यात वावगं काही नव्हतं. मग शांतपणे म्हणाले, “तुमना घरमा मरळ कोण शे?” मरळ म्हणजे बाकीच्या माशांना गिळणारा मासा. मुलाची आई कप खाली ठेवून बघतच राहिली. तरी लग्न झालं, हा त्या माणसांचा मोठेपणा. निघताना मुलाच्या वडिलांनी मात्र नानांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता.

तीन वर्षांपूर्वी नानांनी पुतण्याच्या केळीच्या मळ्यातली दोन शेततळी मागून घेतली. दोन्हींत चिलापी सोडल्या, आणि एकात एक मरळही. तीन वर्षांत जात बदलत नाही, त्याला हजारो वर्षं लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. तितका वेळ हाताशी नसल्यामुळे त्यांनी तीनवर भागवलं.

यंदा उन्हाळ्यात तळ्यांच्या अस्तराचा प्लॅस्टिकचा कागद फाटला. दोन्ही रिकामी करणं आलं. पुतण्याने एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी कागदवाले येणार होते. आकडे लिहायला नानांनी मला नेलं.

पहिल्या तळ्यात खाणारं कुणी नव्हतं. पिलांवर पिलं झालेली, खायला अपुरं पडलेलं. सगळ्या चिलापी बोटभर. दुसऱ्यात मोजक्याच, पण एकेक तळहाताहून रुंद. कोपरापर्यंत हाताएवढी झालेली मरळ नानांनी आधी दोन्ही हातांनी उचलून पिंपात ठेवली. आकडा सांगताना त्यांचा आवाज चढत होता. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

बारावी चिलापी उचलली आणि तिच्या तोंडातून खालच्या पाण्याच्या टबात तिळासारखी पिलं सांडली. ही मादी पिलं तोंडात वाढवते. नानांनी फूटपट्टी खाली ठेवली, मादीला टबात सोडलं, टब केळीच्या सावलीत ओढला आणि वर ओलं पोतं टाकलं. पुतण्या म्हणाला, अजून निम्मे मासे राहिलेत, पाणी संपत आलंय.

“ऱ्हाऊ दे,” नाना हळू आवाजात म्हणाले. “आते मोजनं नही.”

उरलेले मासे तसेच न मोजता पिंपात गेले. आम्ही टबाजवळ बसून राहिलो. तोंडात पिलं घेऊन ही खाते कशी, असं मी विचारलं.

“खात नही. पोरं तोंडमा शेतस तवलोंग काहीच खात नही.”

“भूक लागत नसेल?”

“लागस. पन ध्यान ऱ्हात नही.” ते पोत्याकडे बघत होते. “विमलनी माय गयी, तव्हय विमल आठ महिनानी व्हती. माले बी वरीसभर जेवानं ध्यान ऱ्हायनं नही.”

त्यांची मुलगी विमल मला माहीत होती. सुरतेला असते, दिवाळीला येते, रोज संध्याकाळी फोन करून वडील जेवले का ते विचारते. बारा वर्षं शेजारी राहून ती असं का विचारते, ते मला कधी कळलं नव्हतं.

ऊन कलल्यावर नानांनी पोत्याची कड अलगद उचलली. मादीने तोंड उघडलं होतं आणि पिलं दाटीवाटीने आत शिरत होती. शेवटचं एक बराच वेळ टबाच्या कडेला भिरभिरत राहिलं. ते आत गेलं तेव्हा नानांनी श्वास सोडला.

मग त्यांनी पुतण्याला हाक मारून विचारलं, भाकरी कोणी आणल्यात का. आम्ही तिघं तिथेच बांधावर बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा होता. नाना पोटभर जेवले.