कलकत्ता ते मुंबई, चार तास एकवीस मिनिटे

कलकत्ता ते मुंबई हे विमानाचे अंतर सुमारे हजार मैल असून त्यास पाच तास लागतात, ही माहिती ठाकुरद्वारच्या कमलाकांतांना मान्य नव्हती. त्यांच्या मते चार तास एकवीस मिनिटे लागत.

कारण त्यांच्या घरात मुंबईची वेळ चाले. गोऱ्या साहेबाने साऱ्या देशावर स्टँडर्ड टाइम लादला, तेव्हा मुंबईकर हट्टाने एकोणचाळीस मिनिटे मागेच राहिले. पुढे सगळ्यांनी हळूच काटे फिरवले; कमलाकांतांनी नाही. साल छप्पन. मोर्चात लोक "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" म्हणत, तेव्हा हे गृहस्थ मागून "मुंबईच्या वेळेसह!" अशी पुरवणी जोडत.

त्यांच्या नातीचे, नलूचे लग्न ठरले. नवरामुलगा मनमोहन कलकत्त्यास नोकरीला. रजा दोनच दिवसांची, म्हणून तो विमानाने येणार होता. आठला निघून एकला सांताक्रूझ, तिथून टॅक्सीने तासाभरात कार्यालय आणि दोन वाजून दहा मिनिटांनी मुहूर्त. तो टळला तर पुढचा थेट चातुर्मासानंतर. नलूने आजोबांना गाठले.

"आजोबा, विमान कुणाच्या वेळेने येतं?"

"उतरतं कुठं? मुंबईत ना? मग मुंबईच्या!"

त्यांनी विमान कंपनीला पत्रही धाडले : 'येताना चार तास एकवीस मिनिटे आणि परत जाताना पाच तास एकोणचाळीस, हा फरक का? जाताना चढ लागतो काय?' कंपनीने सविनय कळवले की, चढाबाबतची चौकशी संबंधित खात्याकडे पाठवण्यात आली आहे.

लग्नादिवशी कमलाकांतांनी घरचे घड्याळ आणून कार्यालयात टांगले. नलूचे वडील अच्युत त्याच्याबरहुकूम एकच्या ठोक्याला विमानतळावर हजर झाले. सासऱ्यांना चुकवून एकट्याने येणे रीतीला धरून नव्हते, म्हणून बिचारा मनमोहन एकोणचाळीस मिनिटे हातात मुंडावळ्या धरून उभा होता.

दोघे कार्यालयात शिरले, तेव्हा चिंतामणी गुरुजींनी पंचांग मिटले होते.

"टळला मुहूर्त. दोन एकोणचाळीस झाले."

"दोनच वाजलेत," कमलाकांत घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाले. "अजून दहा मिनिटं थांबावं लागेल."

"कमलाकांतराव, मुहूर्त ग्रहांचा असतो. ग्रह काही गिरगावात राहत नाहीत!"

"कुणाचंही घड्याळ धरा हो, पण माझं लग्न लावा!" नलू रडकुंडीला येऊन म्हणाली.

पाहुणे गुरुजींच्या बाजूचे होते. म्हातारा चळला, यावर पाच मिनिटे सर्वांचे एकमत होते. तेवढ्यात अच्युतचे लालबागचे स्नेही दत्ताराम उभे राहिले.

"गुरुजी, लग्न नाही लागलं, तर जेवणाचं काय?"

"लग्नच नाही, तर पंगत कसली?"

आतून मसालेभाताचा वास आला.

"मग मतं घ्या की!" दत्ताराम म्हणाले. "कोण कोण मुंबईच्या वेळेच्या बाजूने?"

तीनशे हात वर झाले. एका हातात पंचांग असल्याने गुरुजींनी दुसरा वर केला. ग्रहांचा ठराव एकमताने संमत झाला आणि मुंबईच्या दोन दहाला नलूच्या डोक्यावर अक्षता पडल्या. कमलाकांतांचे डोळे भरून आले. एवढा पाठिंबा त्यांना कुठल्याच मोर्चात मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते तीनशेही जण स्टँडर्ड टाइमने आपापल्या कचेरीत गेले. तुम्ही हसाल, तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणाल. म्हणा. पण पोटात कावळे कोकलत असताना, समोर पानं मांडलेली दिसत असताना, तुम्ही कुठला हात खाली ठेवला असता?