जुना शॉकअप आणि राणीमाशीची घाटस्वारी

नमन त्या सूर्यनारायणास, जो फुले उघडतो, माश्या जागवितो आणि रस्त्यातील खड्डे लहानथोरांस सारखेच दाखवितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, फाल्गुन वद्य पक्ष. ते समयी घाटाखालील एका मुलखात मधमाश्यांचे राज्य होते. राजधानी म्हणजे एक लाकडी पेटी, प्रजा हजारोंनी, आणि तख्तावर सातेरी जातीच्या माश्यांची महाराणी, लांब पोटाची, बहुत शांत. राज्याचे कारभारी हिंदुराव, त्यांची नववीत शिकणारी कन्या यशोधराबाई, आणि राज्याचे वाहन वीस वर्षांची एक मोटारसायकल. दरसाल फाल्गुनात खालची फुले सरत आणि मग पेटी मोटारसायकलीवर चढे आणि महाराणींची स्वारी घाट चढोन जांभळीच्या मोहरात छावणी करी, ऐसा शिरस्ता.

गतसाली राण्या दोन होत्या, पेट्याही दोन. परंतु गाडीचा मागला उजवा शॉकअप, ज्याने खड्ड्याचा धक्का आपल्या पोटात घ्यावा, तो तेल गळोन मेला होता, आणि घाटात वडाच्या वळणावर गाडी ऐसी आदळली की थोरल्या पेटीतील पोळे तुटोन पडले आणि त्याखाली थोरली महाराणी चिरडोन वारली. प्रजा दोन दिवस घोंघावत राहिली आणि मग कोठे गेली ते कोणास कळले नाही. तेव्हापासोन हिंदुरावांनी घाटाचे नाव टाकिले. यंदा शेजारच्या मळेकऱ्याचा निरोप आला की परवा पिकावर विषारी फवारणी आहे, माश्या हलवा. हिंदुराव म्हणाले, "पेटीचं दार उघडं ठेवू. जातील उडून जिकडं जायचं तिकडं."

"आणि नाही गेल्या तर, आप्पा?"

हिंदुराव चहाचा कप उचलोन विसळावयास गेले. मग यशोधराबाईंस बसल्या जागी दिसो लागले की घाटाचा रस्ता नदीसारखा वाहतो आहे आणि त्यावरोन पेटी होडीसारखी डुलत चालली आहे आणि आत महाराणी झोपली आहे. ऐसे दिसताच बाई उठल्या आणि सायकल काढोन थेट दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात दाखल जाहल्या.

"चाचा, आमच्या गाडीला शॉकअप पाहिजे."

"त्याचा नवा माल येणं कवाच बंद झालाय. भंगारात बघ, मिळाला तर घे. पण दुरुस्त तू करायचा. माझ्या मनगटाला प्लास्टर दिसतंय ना?"

"मला येतं."

"काय येतं?"

"तुम्ही सांगाल ते."

मिस्त्री हसले आणि स्टुलावर बैसले. मग बाईंनी भंगाराच्या ढिगातोन गंजलेला एक शॉकअप बाहेर काढिला आणि स्प्रिंग दाबोन दोरीने जखडली, कारण सुटली तर ती कपाळमोक्ष करिते, आणि मग दांडा मोकळा केला आणि आतील तेल उपडे केले, ते काळेकुट्ट, बुडाशी चिखल. मग डिझेलने नळी धुतली आणि तारेच्या ब्रशाने गंज खरवडला आणि पॉलिश पेपराने दांडा ऐसा घासला की त्यात बाईंचे नाक लांबोळके दिसो लागले आणि त्या नाकाकडे पाहाता पाहाता दुपार कधी जाहली ते कळले नाही. मग मिस्त्रींनी तेल अडविणारे नवे ऑइल सील हाती दिले, "हे बसव, तेल भर, मी जेवून आलो," म्हणोन घरी गेले.

येथे चूक जाहली. या घराण्याचा शिरस्ता ऐसा की मधाची बरणी भरावी ती काठोकाठ. झाकणाखाली मोकळी जागा म्हणजे मधास आंबण्याची वाट आणि घरास बट्टा. बाईंनी लहानपणापासोन हेच केले होते. तैसेच त्यांनी नळीत तेल ओतले, थेंबाचीही फट न ठेविता, आणि मोठ्या प्रेमाने टोपण आवळोन, स्प्रिंग चढवोन शॉकअप घरी आणिला आणि गाडीस जोडिला. हिंदुराव सीटवर बैसले. गाडी तसूभर खाली लवली नाही. ते पुन्हा आदळोन बैसले. काही नाही.

"यशे, शॉकअप बसवलास का वरवंटा?"

बाईंचे डोळे भरोन आले, परंतु रडावयास सवड नव्हती, फवारणीस एकच दिवस उरला होता. शॉकअप काखोटीस मारोन त्या परत गॅरेजात गेल्या.

मिस्त्रींनी विचारले, "तेल किती भरलंस?"

"गच्च. काठापर्यंत."

"अगं मध भरतीयस का? दांडा आत शिरणार, त्याला जागा नको? तेल दबत नाही बाळा. दबते ती वरची हवा. दोन बोटं रिकामं ठेव."

दोन बोटे तेल ओतोन टाकिताना बाईंचा हात अडखळला, चोरी केल्यासारखे वाटले. मग टोपण आवळोन त्यांनी अंगभार टाकिला, आणि शॉकअप सावकाश खाली गेला आणि क्षणभर विसावला आणि झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा सावकाश वर आला. बाईंनी तो पुन्हा दाबिला, पुन्हा, मिस्त्री "पुरे आता" म्हणेपर्यंत.

रात्री शॉकअप पुन्हा गाडीस चढला, हिंदुराव सीटवर बैसले, गाडी लवोन वर आली, आणि त्यांनी घाटास होकार दिला. दुसरे दिवशी पहाटे पेटीचे दार जाळीने बंद करोन स्वारी निघाली. हिंदुराव पुढे, बाई मागे, मांडीवर राजधानी, फळीस कान. आत गुणगुण, धुक्यात बुडालेल्या गावासारखी. खड्डा येई, गाडी लवे, उसासा टाकी आणि पुढे जाई, आणि बाईंस वाटे की रस्ता खरोखर पाण्याचाच आहे. मग वडाचे वळण आले आणि हिंदुरावांनी ब्रेक दाबिला.

"इथंच गं."

"माहीत आहे."

"उतरून हातात नेऊ या का पेटी?"

बाईंनी खड्ड्याकडे पाहिले, तो वर्षभरात रुंद जाहला होता. "नको आप्पा. बसा. सावकाश घ्या."

गाडी खड्ड्यात उतरली, बुडाशी गेली, थांबली, आणि वर आली. गुणगुण तैसीच राहिली.

वर जांभळी मोहरली होती. पेटी उघडली, तो पोळे अभंग, परंतु महाराणी दिसेना. हिंदुराव मागे सरोन उभे राहिले. बाईंनी एकेक चौकट उचलली, पहिली, दुसरी, तिसरी, आणि चौथीवर दाटीतोन वाट काढीत लांब पोटाची ती चालली होती, कोणाची पर्वा नाही.

"आप्पा, या. चालतीय."

सारांश, फाल्गुन वद्य पंचमीस स्वारी सुखरूप पोहोचली, फवारणी टळली, महाराणीने दुसऱ्याच दिवशी अंडी घातली. घाट उतरताना हिंदुराव गाणे म्हणत होते. सूर काही बरा नव्हता. मागे बसणारीने हरकत घेतली नाही. हे वर्तमान येथवर.