देवानंदचा बिनतारी पंप

देवानंदने हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरचा शेतातल्या पंपासाठी रिमोट करायचं ठरवलं ते चिखलात पाय घालायचा कंटाळा म्हणून. लोकांना मात्र त्याने सांगितलं, की शेतीत तंत्रज्ञान आलं पाहिजे.

तो सिंदेवाहीच्या एका शाळेत क्लार्क. हा तळहाताएवढा कॉम्प्युटर त्याने पार्सलने मागवला होता. ओपन हार्डवेअर, म्हणजे बनवणाऱ्यांनी आतला सगळा नकाशाच जगाला खुला करून टाकलेला. कुणीही उघडावा, हवं ते जोडावं. (परत बंद करताना स्क्रू उरतात, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. देवानंदकडे तीन उरले.) त्याने आत रेडिओची एक इवलीशी पट्टी बसवली आणि तिची जोडीदार पट्टी डब्यात घालून वावरातल्या मोटरच्या स्टार्टरला जोडली. ओसरीत बसून बटण दाबायचं की तलावापलीकडची मोटर सुरू! घरात दहा फुटांवरचा बल्ब लागला होता, तेव्हा विज्ञान सिद्ध झालंच होतं.

घाई होती ती थोरल्या भावामुळे. वारलूभाऊंनी निकालच दिला होता, "तुले खुर्चीची सवय. तुह्या हिश्श्याचं वावर इस्तारीले बटईनं देऊन टाक." बटई म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला देणं, आणि इस्तारी हा चुलतभाऊ. हे ऐकून देवानंदची बायको रंजीता दोन दिवस भाताला शिवली नाही.

"मामंजीनं राखलेलं वावर," ती म्हणाली, "अन् मी धुऱ्यावर उभी राहून दुसऱ्याची रोवणी पाहू का?"

शेवटी भाऊंनी एका रोवणीची, म्हणजे भातलावणीच्या एका हंगामाची, मुदत दिली. नेमकी तेव्हाच पावसाने दडी मारली. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी नसेल तर कमळाबाईची रोवणाऱ्या बायांची टोळी सरळ पुढच्या बांधीत जाते, आणि एकदा गेली की हंगामभर फिरकत नाही. सगळी भिस्त मोटरवर.

प्रयोग म्हटला की निरीक्षक लागतो. वावरात फोनला रेंज नाही, म्हणून रंजीताने तलावाची पाळ ओलांडून मोटरपाशी जायचं आणि सुरू झाली की लाल टॉवेल हलवायचा, असं ठरलं. (मोटरपाशी माणूस जाणारच असेल तर रिमोट कशाला, हे कुणाच्याही डोक्यात आलं असतं. देवानंदच्या डोक्यात अँटेना होता.)

पहिल्या दिवशी ती निघाल्यापासून त्याने बटण दाबायला घेतलं. चाळीस मिनिटांनी टॉवेल हलला. देवानंद ओसरीत नाचला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं लागली. पाचव्या दिवशी रंजीता सायकलने गेली आणि मोटर दहाच मिनिटांत सुरू झाली. प्रोग्राममध्ये केलेल्या सुधारणेचा हा परिणाम, असं त्याने डायरीत लिहून ठेवलं.

आठ दिवसांनी त्याने वारलूभाऊंना सकाळच्या चहाला बोलावलं. इस्तारी आला. वावराकडे निघालेली कमळाबाईची टोळीही चहाला टेकली. रंजीता सायकल काढू लागली.

"आज कुठी चालली तू?" देवानंद म्हणाला. "भाऊपाशी बस. पाण्याची धार इथूनच दिसते."

"अजी, मले जाऊ द्या."

"नाई. आठ दिवस टॉवेल हालवला तुनं. आज मशीनचं काम पाह्य."

त्याने बटण दाबलं. पलीकडे पाइप कोरडा. पुन्हा दाबलं. मग तो बाजेवर चढला, बाजेवरून कुंपणाच्या भिंतीवर चढला, आणि हात उंच करून दाबत राहिला. शेजारची दोन पोरं भिंतीखाली येऊन उभी राहिली.

भाऊंचा चहा संपला. "मंग इस्तारी," ते म्हणाले, "बटईचं कसं करतं?"

रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कमळाबाईने कप खाली ठेवला.

"बाबू, रंजीताले सोड ना. ते गेल्याबिगर मोटर कधी सुरू झाली? हिरवी बटन रोज तेच दाबते. आमी बांधीतून पाह्यतो."

देवानंद भिंतीवरच होता. त्याने वरून बायकोकडे पाहिलं.

"पयल्या दिवशी लय वाट पाह्यली," रंजीता मान खाली घालून म्हणाली. "बाया भाताचे पऱ्हे रोवाले घेऊन उभ्या. मंग दाबली बटन. घरी आली तं तुमी एवढे खूश, की सांगावं नाई वाटलं."

देवानंदला लाज वाटली. पण त्याहून जास्त भरून आलं, कारण आपल्या आनंदासाठी कुणी आठ दिवस पाळ ओलांडावी एवढा तो लग्नाआधी कुणाला महत्त्वाचा नव्हता. तो खाली उतरला आणि त्याने स्वतः सायकल बाहेर काढून दिली. दहा मिनिटांत पाइपातून धार पडली.

वारलूभाऊ उठले. "वावर नाई जात बटईनं," ते म्हणाले. "पण आता वावराचं काई पुसाचं असलं तं मी रंजीताले पुसीन. तुले नाई."

सगळे गेले. इस्तारी मात्र घुटमळला. त्याने ते यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

"भाऊ, मले बी एक बनवून दे."

देवानंदला एकदम धीर आला, पण खोटं बोलवेना. "अरे, याच्यानं मोटर सुरू होत नाई."

"मोटरचं कोण म्हणते? माही बायको धा डाव सांगूनही वावरात जात नाई. वयनी तं एका बटनेत जाते, अन् तेही सायकलनं."