नऊ इंच

समोर नवी इमारत चढू लागली आणि अप्पांच्या बाल्कनीतलं सकाळचं ऊन रोज थोडंथोडं आटू लागलं. सेवानिवृत्त हेडक्लार्कला तेवढं एकच सुख उरलं होतं: खुर्ची, पेपर आणि अंगावर ऊन. त्यांनी नगरपालिकेला सहा कलमी तक्रार धाडली की इमारत नियमापेक्षा उंच आहे.

महिन्याभराने पालिकेचा मोजणीदार आला. दोन तास मोजून म्हणाला, "काका, समोरचे नियमात आहेत. आणखी एक मजला हवा होता त्यांना, पण नऊ इंच जास्त होत होते. सोडून दिला बिचाऱ्यांनी." टेप गुंडाळता गुंडाळता तो थांबला. "आलोच आहे, तर तुमचीही मोजतो."

अप्पांची इमारत नऊ इंच जास्त निघाली. जादा उंची तीस दिवसांत काढून टाकावी, अशी नोटीस आली. सगळ्यात वर अप्पाच राहत होते.

"छत नऊ इंच खाली घ्यायचं म्हणजे काय, आपण वाकून राहायचं?" बायको म्हणाली. "तरी सांगत होते, नसती उठाठेव करू नका."

अप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. पण कारकुनी अंगात मुरलेली. नियमांचं पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा ओरडले, "अगं, उंची रस्त्यापासून मोजतात! छत खाली येत नसेल, तर रस्ता वर येईल!"

त्या शहरात रस्ता दुरुस्त करायची रीत एकच: जुना न उकरता वर नवा थर ओतायचा. अप्पांनी खड्ड्यांवर असा काळीज पिळवटणारा अर्ज लिहिला की पंधरा दिवसांत रस्ता झाला. खड्डे चार होते, थर मात्र भरपूर पडला. तळमजल्यावरचा शिंपी दुकानात पायरी चढून जायचा, तो आता उतरून जाऊ लागला. मोजणीदाराने पुन्हा टेप लावली आणि नोटीस रद्द झाली. अप्पांनी अख्ख्या इमारतीला चहा पाजला.

आठवड्याने समोरचा बिल्डर हात जोडून दारात उभा राहिला.

"अप्पा, तुमचे उपकार कसे फेडू? आमचा अडलेला मजला मंजूर झाला!"

मजला भराभर चढला. बायकोने बाल्कनीत चहा आणून दिला, तेव्हा ऊन पार गेलं होतं.

"करा ना अर्ज," ती म्हणाली. "रस्ता परत खाली न्या म्हणावं."

"मग आपलं छत नऊ इंच वर जाईल," अप्पा म्हणाले, आणि पेपर वाचायला दिवा लावायला उठले.