सहा प्रोफेसर आणि एक अर्जदार

डायनिंग टेबलावर सहा पत्रं ओळीनं मांडून आप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गुरू, हे सहाही पेपर एकाच मुलाचे आहेत."

आप्पांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. आता ते मुलाकडे अमेरिकेत, नोव्हायला आले होते. बाहेर डिसेंबरचा बर्फ पडत होता. गुरुदत्त ओशाळला, कारण सहाही पत्रं खरंच त्यानंच लिहिली होती.

त्यात लबाडी नव्हती. गुरुदत्त उंदरांच्या कानांवर संशोधन करायचा. वयाबरोबर ऐकू येणं का कमी होतं, हा त्याचा विषय. व्हिसाची सहा वर्षं जूनमध्ये संपत होती. विक्रम वकिलांनी सांगितलं होतं, "तुमचं काम देशाच्या उपयोगाचं आहे हे पटवून दिलं, तर कामाच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळतं. त्यासाठी मोठ्या शास्त्रज्ञांची पत्रं लागतात, तीही शक्यतो तुम्हाला न ओळखणाऱ्यांची. आणि पेपर्स शुक्रवारपर्यंत." प्रोफेसर मंडळी बिझी. प्रत्येकानं एकच उत्तर पाठवलं, मसुदा तूच पाठव, पटला तर सही करतो.

"सहा वेगळी माणसं लिहायची तर आधी ती दिसायला हवीत," आप्पा वर्गात समजावावं तसं म्हणाले. "हा जर्मन बघ. याचा गुडघा दुखतो. फार वेळ बसवत नाही त्याला. वाक्यं छोटी कर."

"आप्पा, मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही!"

"मी तरी कुठे पाहिलंय? लिही."

गुरुदत्तनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सही आली, सोबत दोन ओळी. 'उशिराबद्दल क्षमस्व. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पलंगावरूनच सही करतोय.'

"योगायोग," गुरुदत्त म्हणाला.

टोरांटोच्या बाईंचं पत्र लिहिताना आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग हळूच म्हणाले, "हिच्या घरात बोलणं थांबलंय. हिला सावकाश लिहू दे." दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. पत्र आवडलं होतं. जाता जाता त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला गेल्या महिन्यापासून काहीच ऐकू येत नाही. तुमचं काम लवकर होऊ दे."

गुरुदत्तनं फोन ठेवला. त्याच्या बायकोनं, उत्तरानं, त्याला किचनमध्ये ओढलं.

"आप्पांना आता आणखी प्रोफेसर देऊ नकोस."

"अगं, चारच झालेत. सहा लागतात!"

"मग त्यांना सांग, उरलेल्यांना काही करू नका म्हणावं. बिचारे!"

आप्पांनी ते ऐकलं असावं. पाचव्याला त्यांनी नुसता बागकामाचा नाद लावला. सहाव्यापाशी ते थबकले, पेन खाली ठेवलं. "याला ठणठणीत ठेवू," म्हणाले. सहाव्याचं उत्तर आलं, 'सही केली आहे. का कोण जाणे, आज फार वर्षांनी इतकं बरं वाटतंय.'



गुरुवारी सकाळी विक्रमचा फोन आला. "लेटर्स एकदम जिवंत आहेत हं! पण हे तुमचं स्वतःचं स्टेटमेंट कुणी लिहिलंय?"

"मीच."

"वाटत नाही. त्यात माणूसच नाही यार. ऑफिसर म्हणेल, सहा जण याची तारीफ करतायत, पण हा आहे कुठे? उद्यापर्यंत नवीन द्या."

गुरुदत्त आप्पांकडे वळला. आप्पांनी मान हलवली. "परकी माणसं दिसतात रे. तू पंधराव्या वर्षी होस्टेलला गेलास, नंतर फक्त फोनवर. तू मला नाही दिसत."

"मी लिहिते," उत्तरा म्हणाली. "तू लॅबला जा."

"पण तू काय लिहिणार..."

"बघ, मध्येच बोललास."

शुक्रवारी कुरिअरच्या काउंटरवर, रांगेतली माणसं मागे खोळंबली असताना, गुरुदत्तनं ते न वाचताच सही ठोकली. सहीच्या वर छापलं होतं की मजकूर खरा आहे, खोटा निघाल्यास शिक्षेस पात्र.

मार्चमध्ये मंजुरी आली. पेढे झाले, पुण्याला फोन झाले. मग गुरुदत्तनं फाईल उघडून आपलं स्टेटमेंट पहिल्यांदा वाचायला घेतलं, आणि पहिल्याच पानावर थांबला.

'समोरचा बोलत असताना मी कधीही मध्ये बोलत नाही. ऐकणं हाच माझा विषय आहे. रोज संध्याकाळी मी कढया आणि कुकर हातानं घासतो. माझे उत्तम प्रयोग मला तिथेच सुचतात.'

"उत्तरा! हे काय लिहिलंस? मी कधी..."

"सही तुझी आहे," आप्पा पेपरमागून शांतपणे म्हणाले. "सरकारला लेखी दिलंयस."

त्या संध्याकाळी गुरुदत्त बाह्या सरसावून सिंकपाशी उभा राहिला. उत्तरा पाठीमागे खुर्चीत बसून दिवसभराचं सांगत होती. त्याला दोनदा मध्ये बोलावंसं वाटलं. दोन्ही वेळा सही आठवली. समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत कुणी एक माणूस निमूटपणे कुकर घासत होता, लक्ष देऊन ऐकत होता. गुरुदत्तला तो ओळखीचा वाटेना.

आणि चौथ्या कढईला, तीन वर्षं अडलेला उंदरांचा प्रयोग त्याला लख्ख सुचला. आपोआप, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

त्यानं नळ बंद केला. तो सावकाश मागे वळला.

उत्तरानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गोड हसून विचारलं, "पुढचं पान वाचलंस का रे?"